बीटा 38 आली, पेढे वाटून झाले, आता घरी काय सांगू?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ताईंनी लिहिलंय. वय 33, लग्नाला नऊ वर्षं. नवऱ्याच्या वीर्याचे रिपोर्ट कमी आले म्हणून नागपूरला आयव्हीएफ (लॅबमध्ये गर्भ बनवून गर्भाशयात सोडायचा उपचार) केलं, पण त्या रिपोर्टचं घरी कुणालाच माहीत नाही, "हिच्यातच काहीतरी आहे" असं सगळे धरून चालतात. दिवाळी झाल्यावर पाच दिवसांचे दोन फ्रोझन (गोठवून ठेवलेले) गर्भ गर्भाशयात सोडले, यालाच ट्रान्सफर म्हणतात. नवव्या दिवशी राहवलं नाही म्हणून घरीच किट लावली, एकच रेघ आली. चौदाव्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं, बीटा एचसीजी (गर्भ रुजला की रक्तात दिसणारं हार्मोन) 38 आली. लॅबवाला म्हणाला पॉझिटिव्ह आहे. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले, आता माहूरचा नवस फेडायला गाडी ठरवून राहिल्या. इकडे आयव्हीएफ सेंटरच्या सिस्टरनं फोनवर सांगितलं की आकडा कमी आहे, 48 तासांनी पुन्हा रक्त द्या. नवरा म्हणतो, "एकदा पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, काहून पुन्हा नागपूरच्या चकरा?" कापूस वेचणीचे दिवस आहेत, पैसा संपत आला आहे. ट्रान्सफरनंतर पाचव्या दिवशी ताईंनी पाण्याचा गुंड (हंडा) उचलला होता, जाऊबाईंनी ते पाहिलं आणि बोलूनही दाखवलं. ताई विचारतात: पुन्हा टेस्ट करू का? आकडा कमी आहे हे घरी सांगू का? आणि त्या गुंडानंच काही झालं असेल का?

ताई,

तुमचा मेसेज आला त्याच रात्री मी दोन ओळी पाठवल्या होत्या, की बाकी सगळं बाजूला ठेवा, 48 तास झाले की रक्त द्या आणि औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका. हे लांबलचक उत्तर इथं येईपर्यंत दुसरा आकडा तुमच्या हातात आलेला असेल, काय आला ते मला माहीत नाही, म्हणून कुठलाही आला असला तरी कामी पडेल असं लिहून राहिले. आणि तुमच्यासारख्या बऱ्याच जणी आहेत, वणीत, दर्यापुरात, चिखलीत, लॅबच्या मेसेजची वाट पाहत मोबाईल घेऊन बसलेल्या, त्यांनाही होईल.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं बायकांच्या वॉर्डात सिस्टर होते, त्या जोरावर बोलते. तुमच्या फाईलवर शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरचा.

आधी गुंडाचं. तुम्ही ते अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं लिहिलं, पण वाचताना मला वाटलं की झोप उडालीय ती त्याच्यामुळेच. तर गुंड उचलल्यानं गर्भ पडत नाही. गर्भाशयाच्या दोन्ही भिंती एकमेकीला टेकलेल्या असतात आणि मधात तो एवढासा गर्भ, पोळ्यांच्या चळतीत मधात एखादा तिळाचा दाणा अडकावा तसा, तुम्ही उठा, बसा, खोका, शिंका, एसटीत बसून खड्ड्याखड्ड्यातून गावी या, तो निसटून खाली येत नाही. ट्रान्सफरनंतर पलंगावर पडून राहिलं तर गर्भ जास्त टिकतो का, हे तपासून झालेलं आहे, तसा फायदा काही दिसला नाही. डॉक्टर जड उचलू नका म्हणतात ते जिवाला ताण नको म्हणून, त्याचा अर्थ उचललं की संपलं असा नाही होत. पपईची फोड खाल्ली, डोक्यावरून पाणी घेतलं, रागावून बोलली, यातल्या कशानंही नाही.

गर्भ रुजला नाही किंवा रुजून थांबला, तर त्याचं नेहमीचं कारण त्या गर्भातच असतं, गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या साधारण निम्म्यांमागं हेच असतं. आणि ती चूक बीज तयार होतानाच, नाहीतर ते फळल्यावर पहिल्या काही दिवसांत होऊन गेलेली असते, म्हणजे तुमच्या बाबतीत गर्भ लॅबच्या पेटीत होता तेव्हाच, गुंड तुमच्या हातात यायच्या कितीतरी आधी. जाऊबाईंना हे पटवत बसू नका, त्यात तुमचीच ताकद जाईल, पण तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत पाहिजे. (त्या दिवशी घरात पाणी भरायला दुसरं कोण होतं, हाही एक प्रश्न आहे बाप्पा, पण जाऊ द्या.)

आता किटचं, कारण इथं बऱ्याच जणी फसतात. मेडिकलमधल्या बहुतेक किट लघवीत एचसीजी 25 युनिटच्या आसपास असल्याशिवाय दुसरी रेघ दाखवत नाहीत. चौदाव्या दिवशी तुमच्या रक्तातच 38 होतं, मग नवव्या दिवशी किती असणार, किटला दिसायचंच नाही. किट काही खोटं बोलली नाही, तिला फार लवकर विचारलं. तुम्ही रडून मोकळ्या झाल्या आणि गोळ्या चालू ठेवल्या हे फार चांगलं केलं, कारण एक रेघ पाहून "गेलं" म्हणून औषधं थांबवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. फ्रोझनमध्ये गोळ्यांवर गर्भाशयाचं अस्तर वाढवून ट्रान्सफर केलेली असेल तर त्या महिन्यात बीज सुटलेलं नसतं, म्हणून शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) जवळपास बनवतच नाही, जे काही मिळतं ते बाहेरून दिलेलं. ते थांबवलं की रुजलेला गर्भही सुटू शकतो. म्हणून थांबवायचं ते फक्त डॉक्टरच्या शब्दावर, किटच्या नाही, थोडंसं लाल दिसलं म्हणून नाही, आणि मेडिकलवाला "आता काय गरज" म्हणाला म्हणून तर बिलकुलच नाही.

उलट्या बाजूनंही फसगत होते. ज्यांची फ्रेश ट्रान्सफर (गर्भ न गोठवता सोडलेला) असते त्यांना बीज काढायच्या आधी जे ट्रिगरचं इंजेक्शन देतात, ते बऱ्याचदा एचसीजीचंच असतं, ते रक्तात दहा दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळतं. म्हणजे ट्रान्सफरनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी किटवर दोन रेघा आल्या तर त्या इंजेक्शनच्याही असू शकतात, आणि मग दोन दिवसांनी रेघ फिकी झाली की वाटतं गर्भ गेला. गेलं ते औषध. आणि किट लावून विसरून गेलं, तासाभरानं पाहिलं तर एक राखट रेघ दिसते, तिला काही अर्थ नाही, पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच पाहायचं. लक्षणांचंही तसंच आहे. छाती जड, पोट फुगलेलं, सारखी झोप, हे सगळं प्रोजेस्टेरॉननंही होतं, पाळीही त्याच्यामुळंच लांबते. शेजारची काकू तोंड पाहून "आहे बरं का" म्हणाली तर हसून सोडून द्यायचं.

तर 38.

एचसीजी हे हार्मोन गर्भाच्या ज्या पेशींपासून पुढं वार बनते त्या पेशी सोडतात. रक्तात 5 च्या खाली असलं तर नाही, 25 च्या वर असलं तर आहे, मधातलं असलं तर सांगता येत नाही, असा साधारण हिशेब असतो. म्हणजे लॅबवाला चुकीचं बोलला नाही. पण लॅबवाल्याला हे माहीत नसतं की ट्रान्सफर कधीची आहे आणि गर्भ किती दिवसांचा होता. पाच दिवसांचे गर्भ सोडून चौदा दिवस झाल्यावर, नीट चाललं असलं तर आकडा बहुतेकदा शंभराच्या वर, कित्येकदा बराच वर असतो. त्या मानानं 38 कमी आहे, सेंटरच्या सिस्टरनं खरंच सांगितलं. कमी असण्याचे अर्थ बहुतेकदा दोन निघतात, गर्भ उशिरा रुजला आणि आता वाढतोय, नाहीतर रुजला पण वाढ नीट होत नाही. एका आकड्यावरून यातलं कुठलं ते ओळखता येत नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही, तो आकडा कसा चालतो त्यावरून कळतं. 48 तासांनी दुप्पट किंवा त्याच्या जवळपास झाला तर चाल चांगली. कमीत कमी दीडपट तरी व्हायला पाहिजे, म्हणजे 57 च्या आसपास. त्याच्या खाली राहिला किंवा उतरला तर काळजीचं. आणि खोटी आशा देत नाही ताई, कमी आकड्यावरून सुरू झालेल्या गर्भात दुसरा आकडा चांगला आला तरी पुढं थांबण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त राहते, त्यामुळे एका चांगल्या रिपोर्टवर थांबायचं नसतं, सोनोग्राफीपर्यंत धीर धरावा लागतो.

तुमच्या घरच्यांनी, आणि रागावू नका पण थोडंसं तुम्हीही, असं धरलंय की रिपोर्ट म्हणजे पास किंवा नापास. नवरा म्हणतो पास झालो, आता पुन्हा परीक्षा कशाला. तुमच्या मनात आहे की नापास झाले, फक्त अजून कुणाला कळलं नाही. सध्या दोन्ही नाही. अर्धवट निकाल आहे आणि तो अर्धवटच सांगावा लागेल, घरातही.

नवऱ्याची अडचण खरी आहे. वेचणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, नागपूरला जाणं म्हणजे अख्खा दिवस आणि भाड्याचे पैसे. पण या टेस्टसाठी नागपूरला जायचंच नाही न! त्याच तालुक्याच्या लॅबमध्ये द्यायचं, किंबहुना तिथंच द्यायचं, कारण लॅब बदलली की मशीन बदलतं आणि दोन आकड्यांची तुलना बिघडते. उपाशीपोटी जायची गरज नाही, चहा-पोळी खाऊन जा, दिवसातल्या कुठल्याही वेळी चालतं, फक्त दोन टेस्टमध्ये 48 तासांचं अंतर राहील असं पाहा. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या जास्त पॉवरच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आणि डॉक्टरला सांगा, काही मशीनवर त्यानं आकडा खोटा कमी दिसतो. रिपोर्टचा फोटो सेंटरला पाठवायचा, बस. इतका खर्च घालून ट्रान्सफर केली आणि काही शे रुपयांच्या टेस्टपाशी हात आखडला, असं करू नका म्हणावं त्यांना.

आता पुढं काय काय होऊ शकते.

आकडा नीट वाढला, तर बहुतेक आणखी एकदोनदा रक्त घेतील आणि ट्रान्सफरनंतर साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफी करतील, ती योनीमार्गातून करतात, घाबरायचं नाही. त्यात गर्भाची पिशवी कुठं आहे, किती आहेत आणि ठोके आहेत का हे पाहतात. दोन गर्भ सोडलेत म्हणून जुळंही असू शकते, पण 38 वरून तसा अंदाज बांधू नका. इथं एक गंमत सांगते म्हणजे पुढं भांडण नको. सोनोग्राफीच्या कागदावर "साडेसहा आठवडे" लिहून येईल आणि जाऊबाई बोटं मोजतील की ट्रान्सफरला तर चारच आठवडे झाले! दिवस पाळीपासून मोजायची पद्धत आहे, म्हणून पाच दिवसांचा गर्भ सोडतात त्या दिवशीच कागदावर दोन आठवडे पाच दिवस धरतात. बाकी काही नाही. आणि कुणी विचारलंच की पाहूनच मुलगा सोडला का, तर सांगून द्या की तसं पाहणं पीसीपीएनडीटी (लिंगनिदान बंदीच्या) कायद्यानं गुन्हा आहे, आयव्हीएफमध्येही, आणि तसं करून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका.

आकडा उतरला, तर त्याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात, रुजायला सुरुवात झाली आणि सोनोग्राफीत दिसायच्या आधीच थांबलं. डॉक्टर औषधं बंद करायला सांगतात, काही दिवसांत पाळी येते, नेहमीपेक्षा थोडी जास्त जाते, दुखते. आकडा 5 च्या खाली गेला का हे एकदा पाहून घ्यायचं. लोक म्हणतात "एवढ्याशा दिवसांचं तर होतं". म्हणू द्या. तुम्हाला रडू आलं तर रडा, दोनचार दिवस वेचणीला नाही गेल्या तर कापूस काही पळून जात नाही.

कधी आकडा नीट वाढतो, पिशवीही दिसते, पण आत ठोके दिसत नाहीत. तेव्हा लवकर पाहिलं असेल तर आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा पाहतात. एकाच सोनोग्राफीवर घाईनं गर्भाशय साफ करायला तयार होऊ नका, पुन्हा पाहायचं का असं विचारा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला त्या रात्री लगेच उत्तर दिलं. आकडा ना नीट वाढतो ना उतरतो, 38 चे 45, 45 चे 60, असा रखडत चालतो. तेव्हा गर्भ गर्भाशयाच्या बाजूच्या नळीत तर नाही न, ही शंका घ्यावी लागते. तुम्ही म्हणाल गर्भ तर गर्भाशयात सोडला होता. हो, पण रुजायच्या आधी तो तिथल्या तिथं थोडा फिरतो, कधी नळीत जाऊन बसतो, आयव्हीएफमध्येही होते. आपल्याकडं जुन्या टीबीनं किंवा इन्फेक्शननं ज्यांच्या नळ्या खराब झाल्यात त्यांना हा धोका जास्त. नळीतला गर्भ पूर्ण दिवस वाढू शकत नाही, वाढत गेला तर नळी फुटते, पोटात रक्त जातं, आणि खेड्यात तो वेळ फार महाग पडतो. लवकर सापडलं तर मेथोट्रेक्सेटच्या (गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनवर भागू शकतं, उशीर झाला तर ऑपरेशन.

पोटात एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं (पोटातलं रक्त वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो, म्हणून त्याला हमालीचं दुखणं समजू नका), चक्कर, घाम, डोळ्यापुढं अंधारी, सोबत थोडंफार रक्त जाणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. गावातल्या डॉक्टरकडं गॅसचं इंजेक्शन घेत बसायचं नाही. 108 ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल ती घ्या, आणि रात्रीबेरात्री ऑपरेशन होईल अशा ठिकाणी जा, यवतमाळचं मेडिकल कॉलेज किंवा तुमच्या गावाहून सेवाग्राम सोयीचं पडत असेल तर सेवाग्राम. तिथं जो पहिला डॉक्टर भेटेल त्याला सगळ्यात आधी हे वाक्य सांगायचं: "आयव्हीएफ झालंय, बीटा पॉझिटिव्ह आहे, गर्भ कुठं आहे ते अजून सोनोग्राफीत दिसलं नाही." हे वाक्य नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आजच लिहून ठेवा, तुम्ही बोलायच्या स्थितीत नसाल तर तो वाचून दाखवेल. सोबत रक्तगट. तुमचा निगेटिव्ह असेल तर गर्भपात झाला किंवा नळीत निघाला तरी अँटी-डी इंजेक्शनचं (पुढच्या गर्भाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) विचारायचं असतं, ते घाईत राहून जाते.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, घरी सांगा. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. नाही सांगितलं तर काही दिवस टोमणे वाचतील, सासूबाईंचा आनंद टिकेल, हे खरं आहे. पण तुम्ही एकट्या तो आकडा पोटात धरून वावरात जाल, तिथं दुखायला लागलं तर कुणाला काय म्हणून सांगणार, घरच्यांना तर वाटते सगळं छान चाललं. घरात निदान दोन माणसांना पूर्ण माहीत पाहिजे. गावाला सांगायची काहीच गरज नाही. पेढे वाटले ते वाटले, ते काही परत मागता येत नाहीत, गाव विचारेल तेव्हा "तब्येत बरी आहे, डॉक्टरनं जास्त बोलायला नाही सांगितलं" इतकं पुरे.

सांगायचं मात्र तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी. त्यांच्या आईला त्यांनी. काय बोलायचं तेही लिहून देते: "आई, रक्तात आलंय पण कमी आलंय. ठोके दिसेपर्यंत डॉक्टरही पक्कं सांगत नाहीत. तोपर्यंत कुणाला फोन करू नको, आणि हिला पोटात दुखलं तर मला वावरातून लगेच बोलाव." सासूबाई नाराज होतील, कदाचित रडतील, पण मला त्यांचाही राग येत नाही, नऊ वर्षं त्याही वाट पाहून राहिल्या.

आणि मिस्टरांच्या रिपोर्टचं. तुम्ही नऊ वर्षं त्यांची गोष्ट झाकून ठेवली, त्याच्यावर मी काही बोलणार नाही, तो तुमच्या दोघांतला मामला आहे, आणि पुरुषाला आपल्याकडं हे सांगणं किती जड जातं ते मला माहीत आहे. चारचौघांत उघडं करा असं मी म्हणत नाही, भांडणात तोंडून निघू देऊ नका, ते नंतर सावरता येत नाही. पण यावेळी आकडा उतरला आणि कुणी म्हणालं "हिच्यातच काहीतरी आहे", तर त्यांना तिथं गप्प बसता येणार नाही, हे आत्ताच, शांतपणे, पुढचा रिपोर्ट यायच्या आधी त्यांच्याकडून कबूल करून घ्या. त्यांना आपलं गुपित न सांगताही बोलता येते: "आई, दोष हिचा नाही, डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलंय." एवढं वाक्य. यात खोटं काहीच नाही. तेवढंही जमत नाही म्हणाले तर मला पुन्हा लिहा, मग आपण वेगळं बोलू.

माहूरला सध्या नको. रस्ता खराब आहे म्हणून नाही, खड्ड्यानं काही होत नाही हे वर सांगितलंच. गर्भ कुठं आहे हे दिसलेलं नसताना दवाखान्यापासून लांब, घाटात, पायऱ्यांवर राहू नये म्हणून. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरला विचारून जा. नवस सासूबाईंचा आहे, त्यांना आत्ताच जायचं असेल तर त्यांनी मोठ्या मुलासोबत जाऊन यावं, तुमच्या नावानं ओटी भरून यावी, त्यांच्याही जिवाला बरं वाटेल.

राहिला पैसा. आकडा चांगला आला तर हा भाग सध्या सोडून द्या. उतरला तर पाळी येऊन गेल्यावर सेंटरला पहिलं हे विचारा की आमचे गर्भ किती बनले होते आणि अजून किती ठेवलेले आहेत. ठेवलेले असतील तर पुढच्या वेळी बीज काढायचं, त्याची इंजेक्शनं, भूल, हा सगळा खर्च पुन्हा नसतो, फक्त ट्रान्सफरचा असतो, तो किती ते कागदावर लिहून मागा. 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यात यश मिळण्याची शक्यता, खर्च, धोके हे जोडप्याला समजावून सांगणं सेंटरचं काम आहे, विचारायला लाजू नका. गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, म्हणजे "याच महिन्यात करा" अशी घाई कुणी केली तर कारण विचारा. फक्त ठेवायची वार्षिक फी असते, ती भरायची तारीख फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. यावेळी कमी आकडा आला त्यावरून पुढच्या वेळी काय बदलणार, हेही विचारा, आणि "काही नाही, पुन्हा प्रयत्न करू" इतकंच उत्तर मिळालं तर फाईलची कॉपी घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हरकत नाही, फाईल तुमची आहे.

आणि आणखी किती वेळा करायचं, कुठपर्यंत सोनं मोडायचं, कुठल्या टप्प्यावर थांबायचं किंवा दत्तकाचा विचार करायचा, हा हिशेब सेंटरच्या खुर्चीत बसून करू नका, तिथं समोरचा माणूस हो म्हणायलाच बसलेला असतो. घरी करा, कापसाचे पैसे हातात आल्यावर, दोघांनीच, दार लावून.